गॅलरी, कुंड्या आणि गेडिससाहेब

आमच्या मुगभाटातल्या चाळीच्या जिन्याखाली एक काळा फळा आहे. वर्षानुवर्षं त्यावर गणपतीची वर्गणी, सत्यनारायणाची वेळ आणि पाणी येणार नसल्याची सूचना एवढंच काय ते लिहिलं जायचं. गेल्या महिन्यात त्यावर पुनर्विकासाच्या संमतिपत्राची नोटीस लागली. सहीची मुदत, बावीस मजली इमारतीचं रंगीत चित्र आणि खाली विकासकाच्या ऑफिसचा पत्ता. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, अजून त्या चाळीत राहतात. वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले, आणि संडास गॅलरीच्या पार टोकाला. नोटीस लागली त्याच संध्याकाळी त्यांनी सही केली. मी केलेली नाही. भाडेपावतीवर आम्हा दोघांची नावं असल्यामुळे माझ्या सहीवाचून त्यांचं घोडं अडलंय, आणि वहिनी सध्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

सही न करण्याचं कारण मला धड सांगता येत नाही. दादांना तर नाहीच. म्हणून आज ज्यांच्यामुळे हा घोळ माझ्या डोक्यात शिरला, त्या गृहस्थांची गोष्ट सांगतो. हे गृहस्थ स्कॉटलंडचे, दाढीवाले, आणि त्यांना जाऊन नव्वदाहून अधिक वर्षं झाली. नाव पॅट्रिक गेडिस. नगररचना शिकणाऱ्या मुलांना हे नाव ठाऊक असतं. बाकी आपण मुंबईकर त्यांना विसरलो, आणि ते तर आपल्या मुंबई विद्यापीठात पाच वर्षं प्राध्यापक होते.

माझी त्यांची ओळख फोर्टातल्या पदपथावर झाली. बँकेत असताना जेवणाच्या सुट्टीत डबा पंधरा मिनिटांत संपवायचा आणि उरलेला वेळ जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात घालवायचा, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. तिथे एकदा ‘पॅट्रिक गेडिस इन इंडिया’ हे १९४७ साली लंडनहून निघालेलं पुस्तक हाती लागलं. जॅकेलिन टिरव्हिट या बाईंनी गेडिस यांच्या भारतातल्या शहरांवरच्या अहवालांतून निवडून ते तयार केलं होतं. बाइंडिंग सुटलेलं होतं आणि आत नकाशे होते. मी ते घेतलं ते नकाशांसाठी. घरी येऊन वाचायला बसलो, आणि पुढे त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्यात कळलं की हा माणूस तरुणपणी बँकेत कारकून होता! मग काय, त्या दिवसापासून ते आमच्या घरातलेच झाले.

जन्म २ ऑक्टोबर १८५४, बॅलाटर या गावी. तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे, पण गांधीजी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी धाकटे. वडील सैन्यातले. पर्थ गावाबाहेर टेकडीच्या कुशीत त्यांचं घर आणि भोवती बाग होती. पोरगा बटाट्याच्या वाफ्यात आणि दगडधोंड्यांत वाढला. त्याने चार पैसे सुरक्षित मिळवावेत म्हणून वडिलांनी त्याला नॅशनल बँक ऑफ स्कॉटलंडच्या पर्थ शाखेत चिकटवलं. तो तिथे दीडेक वर्ष टिकला. मी सदतीस वर्षं टिकलो. त्यावरून आम्हा दोघांच्या कुवतीतला फरक वाचकांच्या ध्यानात येईलच.

बँक सोडून ते निघाले वनस्पतिशास्त्र शिकायला. एडिंबरा विद्यापीठात आठवडाभरात कंटाळले आणि लंडनला टी. एच. हक्सले यांच्याकडे गेले. डार्विनचा तो कडवा पाठीराखा. त्यांच्याकडे जीवशास्त्र शिकले खरे, पण पदवी अशी आयुष्यात कधीच घेतली नाही. १८७९ साली अभ्यासासाठी मेक्सिकोला गेले असताना डोळ्यांचा विकार झाला आणि दृष्टी जवळजवळ गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. वय पंचवीस. सूक्ष्मदर्शकावर ज्याचं पोट, त्याचे डोळेच गेले म्हणजे झालंच. त्या अंधारात बोटांनी खिडकीची तावदानं चाचपताना त्यांना एक युक्ती सुचली. कागदाला घड्या घालायच्या, त्याचे चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनात एकेक विचार ठेवायचा. चाचपून विचार करायचा म्हणा ना. पुढे डोळे बरेच सुधारले, पण सूक्ष्मदर्शकाशी जमेना. कागदाच्या घड्या मात्र जन्मभर सुटल्या नाहीत. स्थळ, काम आणि माणसं हे तीन शब्द त्या चौकोनांत ते फिरवत राहत. माणूस कुठे राहतो त्यावरून तो काय करतो हे ठरतं आणि काय करतो त्यावरून तो कसा घडतो, पण हे चक्र उलटही फिरतं. माणसं आपली जागा घडवतात. प्राणी आणि त्याची भोवतालची जागा वेगळी काढून अभ्यासता येत नाही, हे जीवशास्त्रातलं तत्त्व त्यांनी उचललं आणि थेट गल्लीबोळांना लावलं.

१८८६ साली त्यांचं लग्न ॲना मॉर्टन यांच्याशी झालं. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची मुलगी, संगीत जाणणारी. या नव्या नवरीला घेऊन गेडिस कुठे राहायला गेले असतील? एडिंबराच्या जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट नावाच्या वाड्यात. ‘वाडा’ म्हटलं तरी डोळ्यांपुढे आपली चाळच आणा. उंच, काळवंडलेली, एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड, जिन्यात घाण. पैसेवाले लोक केव्हाच नव्या शहरात पांगलेले. गेडिस यांनी कुणाला व्याख्यान दिलं नाही. नवरा-बायकोने झाडू घेतला, भिंतींना चुना लावला आणि खिडक्यांत फुलझाडं लावली. हळूहळू शेजारीही हात लावू लागले. मग त्यांनी एकेक जुनी इमारत घेऊन दुरुस्त करायचा सपाटा लावला. विद्यार्थ्यांची वसतिगृहं काढली, किल्ल्याजवळ रॅम्झे गार्डनची घरं उभारली आणि १८९२ मध्ये आउटलुक टॉवर नावाचा मनोरा घेतला. त्याच्या माथ्यावरच्या अंधाऱ्या खोलीत आरशा-भिंगांच्या करामतीने सारं शहर एका पांढऱ्या टेबलावर उमटतं. आपलं शहर आधी नीट बघा, मग त्याला हात लावा, हे तिथे येणाऱ्याला न सांगता कळे.

पैशाच्या बाबतीत मात्र आनंद होता. १८९६ पर्यंत कर्जाचा डोंगर इतका वाढला की मित्रांनी कंपनी काढून त्यांच्या मालमत्ता तिच्या ताब्यात घेतल्या. मी बँकेत असतो तर या अर्जदाराला दमडी मंजूर केली नसती. त्यांचा चरितार्थ चालला तो डंडी इथल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकीवर. १८८८ पासून एकतीस वर्षं ते तिथे होते, आणि वर्षातलं एकच उन्हाळी सत्र शिकवायचं अशी सोय होती.

साठी उलटल्यावर, म्हणजे आपल्याकडे माणूस पेन्शनच्या कागदांसाठी हेलपाटे घालतो त्या वयात, ते हिंदुस्थानात आले. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांचं बोलावणं होतं. त्यांचं शहरांविषयीचं मोठं प्रदर्शन, शेकडो नकाशे आणि चित्रं, दुसऱ्या जहाजातून मागाहून येत होतं. १९१४ च्या ऑक्टोबरात जर्मनांच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेने ते जहाज बुडवलं. आयुष्यभराचा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. तिकडे मित्रांनी धावाधाव करून नवं सामान जमवलं आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन उघडलं.

पुढची वर्षं ते गावोगाव पायी हिंडले. मुंबई इलाख्यात ठाणे, वांद्रे, सुरत, अहमदाबाद. दक्षिणेत तंजावर, मदुराई. उत्तरेत लाहोर, लखनौ, बलरामपूर. त्या काळी गाव सुधारायचं म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारायची आणि रेघेत येईल ते पाडायचं. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनेही दाट वस्तीतून रुंद रस्ते असेच काढले होते. रस्ते झाले, वाराही खेळला, पण उठवलेली माणसं शेजारच्या वस्तीत जाऊन आणखी दाटीने राहिली. गेडिस यांची पद्धत निराळी. ते नकाशा हातात घेऊन प्रत्येक बोळात शिरत. कुठलं घर पडकं आहे, कुठे विहीर, कुठे पिंपळाचा पार, कुठे बायका कपडे धुतात, पोरं कुठे खेळतात, याच्या खुणा करत. मग सांगत, ही चार पडकी घरं काढा, हा कोपरा मोकळा करा, इथे झाड लावा, बाकी कुणाला हलवू नका. बऱ्याच ठिकाणी हे काम रस्तारुंदीच्या योजनेपेक्षा कितीतरी स्वस्त पडे. शस्त्रक्रिया करावी लागली तरी रोगी जगला पाहिजे, असा तो हिशेब. तळी बुजवण्याच्या ते विरुद्ध होते. डास होतात तर त्यात मासे आणि बदकं सोडा, म्हणत. गिरगावाच्या आसपासचं धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक हे सगळं आता फक्त पत्त्यात उरलंय. त्यामुळे हे वाचताना मी जरा थांबलो.

या वर्षांतच, १९१७ साली, त्यांच्यावर मोठा आघात झाला. मोठा मुलगा अलास्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर एप्रिलमध्ये मारला गेला. ॲनाबाई तेव्हा इथे तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. बातमी त्यांना सांगवेना. गेडिस मुलाची जुनी पत्रं, जणू आजच्या टपालाने आली आहेत अशी, उशाशी बसून त्यांना वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये त्या गेल्या. मुलगा आधीच गेलाय हे त्यांना कळलं नाही.

या माणसाने त्यानंतर हाती घेतलेलं काम होतं एका मराठी संस्थानाचं, होळकरांच्या इंदूरचं. तिसरे तुकोजीराव गादीवर होते आणि शहरात प्लेग. हा गोरा दाढीवाला नकाशा घेऊन बोळांतून फिरे, आणि लोकांना वाटे, हा आता घरं पाडणार. बघून दारं लावून घेत. तेव्हा गेडिस यांनी दरबाराकडून एका दिवाळीला मिरवणुकीची सूत्रं मागून घेतली. जाहीर केलं की यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागातली घरंदारं सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली, त्या भागातून जाईल. झालं! गावभर झाडलोट आणि रंगरंगोटी सुरू झाली, अंगणातला कचरा गाड्यागाड्यांनी बाहेर पडला. मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच, पण त्यांच्यामागून आले ते राक्षसासारखे कोंदट घरांचे पुतळे, भलेथोरले डास आणि प्लेगचा एक अजस्र उंदीर. त्यांच्यामागे पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात झेंडूच्या माळा घातलेले शहराचे सफाई कामगार. मग हत्तीवर लक्ष्मी, आणि तिच्याजवळ शहराच्या नव्या नकाशाचं निशाण घेतलेली एक नवीच देवता, इंदूर नगरी. शेवटी मैदानात उंदीर आणि राक्षस फटाक्यांत जळाले. लोकांना तुळशीची रोपं वाटली गेली. प्लेगही पुढे ओसरला. त्याचं सगळं श्रेय त्या कागदी उंदराला देण्याइतका मी भोळा नाही, साथीला आपला ऋतू असतो. पण ज्या माणसाला बघून लोक दारं लावत, त्याला आता घरात बोलावू लागले. इंदूरवरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली निघाला.

त्याच वर्षी इंदूरला हिंदी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष गांधीजी. मांडवाची रचना गेडिस यांना रुचली नाही, आणि श्रोत्यांना उतारावर उघड्यावर बसवणं कसं चांगलं, हे त्यांनी गांधीजींना पत्राने कळवलं. गंमत अशी की स्वतः गेडिस दाढीतल्या दाढीत इतकं हळू बोलत की पहिल्या रांगेपलीकडे काही ऐकू जात नसे.

त्यांच्या वर्गात बसणाऱ्या मुंबईच्या विद्यार्थ्यांनाही याचा अनुभव आला असणार. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढला आणि तो गेडिस यांच्या हाती दिला. पदवी नसलेला प्राध्यापक! त्यांनी मालवणच्या एका तरुणाला मुंबईवर निबंध लिहायला सांगितलं, तो पसंत पडला आणि त्या तरुणाला विलायतेला जाण्याची शिष्यवृत्ती मिळाली. हे गोविंद सदाशिव घुर्ये. परत आल्यावर १९२४ मध्ये त्यांनी तोच विभाग हाती घेतला आणि भारतातल्या समाजशास्त्राची एक अख्खी पिढी घडवली.

गेडिस इथे असतानाच १९२० मध्ये गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्या सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला गिरणी कामगारांसाठी सिमेंट काँक्रीटच्या चाळी उठू लागल्या. पन्नास हजार खोल्यांचा बेत होता, झाल्या सोळा हजारांच्या आसपास, २०७ इमारतींत. याच आपल्या बीडीडी चाळी. इमारतीच्या पोटातून मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्यांची दारं. गेडिस यांचं मत कडक होतं. ही माणसं राहण्याची घरं नव्हेत, माणसं साठवण्याची गोदामं आहेत, अशा अर्थाचं. कामगारांनाही त्या आवडल्या नाहीत, कित्येक खोल्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या. वरळीच्या काही चाळींत तर पुढे चळवळीतले कैदी ठेवले.

पण इथे मला गेडिस यांच्याशी थोडं भांडायचं आहे. त्याच चाळींतून कामगार संघटना उभ्या राहिल्या, भजनी मंडळं, व्यायामशाळा, नाटकं झाली. शेजारीच परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून बावीस वर्षं राहिले. त्या खोल्यांत केवढा अभ्यास झाला हे जग जाणतं. तेव्हा वाईट जागा माणसाला संपवतेच असं नाही. हेही खरं की बाबासाहेबांनी पुढे दादरला ‘राजगृह’ बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून, आपल्या मनासारखं.

आता माझी गोष्ट. १९९१ साली मी स्टाफ हाउसिंग लोन घेऊन बोरिवलीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आईला तिकडे नेलं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. मुगभाटात दादांच्या संसाराला एकच खोली, तेव्हा सगळ्यांच्या सोयीचं होतं. आईला स्वतंत्र खोली, घरातच संडास, चोवीस तास पाणी. तिने पहिल्या दिवशी सगळं घर पाहिलं आणि विचारलं, माणसं कुठून जातात? मला प्रश्नच कळला नाही. मुगभाटात ती सकाळी गॅलरीत तांदूळ निवडायला बसायची आणि दुपारपर्यंत अख्खी चाळ तिच्यासमोरून जायची. कोण आजारी, कुणाचं पोर नापास झालं, कुणाकडे पाहुणे आले, हे तिला जागेवर कळायचं. मुलं शाळेतून आली आणि घराला कुलूप असलं की तिच्याजवळ बसत. बोरिवलीला ती दार उघडं टाकून उंबऱ्यात खुर्ची घेऊन बसू लागली. जिन्यावरून दिवसाकाठी आठ-दहा माणसं जात, तीही खाली मान घालून. मग सोसायटीतल्या एका गृहस्थांनी सुरक्षिततेचं कारण सांगून दार बंद ठेवायला सुचवलं, आणि मी ते ऐकलं. आई हळूहळू बोलेनाशी झाली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. १९९४ मध्ये ती गेली. वडिलांचं जाणं, वय, सगळं त्यात होतंच, एकट्या दरवाजावर मी ठपका ठेवत नाही. पण दार मी लावलं होतं, आणि बँकेत मी शेकडो लोकांची गृहकर्जं मंजूर केली तेव्हा एकाही मूल्यांकन अहवालात घरासमोरून माणसं जातात का, असा रकाना नव्हता.

गेडिस १९२४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने भारत सोडून गेले. दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए इथे उजाड टेकाडावर त्यांनी कॉलेज काढलं, दगड रचले, बाग केली. मध्येच तेल अवीव शहराचा आराखडाही करून दिला. १९३२ च्या सुरुवातीला त्यांना ‘सर’ केलं आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिएलाच ते वारले. त्यांनी गोदामं म्हटलेल्या चाळी आता पडताहेत. वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. वर्तमानपत्रांत त्यांचे हसरे चेहरे पाहिले, आणि ते खोटे नव्हते.

परवा मी दादांकडे गेलो आणि नव्या इमारतीचा नकाशा जमिनीवर पसरला. लिफ्ट आहे, प्रत्येक घरात दोन संडास आहेत, आणि मधोमध, दोन्ही टोकांना बंद असा एक बोळ आहे, दोन्ही बाजूंना दारं. मी दादांना बीडीडीचा नकाशा दाखवला. ते म्हणाले, रात्री तीनला काठी टेकत गॅलरीच्या टोकापर्यंत तू जाऊन बघ, मग मला गेडिस सांग. याला माझ्याकडे उत्तर नाही.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते रात्री दहा मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो आणि जुन्या लेजरच्या कोऱ्या पानावर खुणा केल्या. कोण कुठे बसलं, किती वेळ, कुणाशी बोललं. दुपारी वहिनींनी न विचारता चहा आणून ठेवला. ते पान आणि बोळाचं एक टोक उघडं ठेवून तिथे बाक टाकण्याची मागणी घेऊन मी विकासकाच्या आर्किटेक्टकडे गेलो. पंचविशीतली मुलगी. तिने पान नीट वाचलं, एफएसआयचं गणित मांडलं, प्रत्येक मजल्यावर साठ चौरस फूट जातील म्हणाली, आणि विचारून कळवते असंही म्हणाली. पुढच्या रविवारी चाळीची सभा आहे. दादांनी त्या पानाची झेरॉक्स मागितली आहे. सही केलेल्यांनाही मागणी करता येते का, एवढं मला विचारून ठेवायला सांगितलंय.